ढवळून काढणारं क्रियापद

माझं गाव महू. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचा जन्म इथल्याच लष्करी छावणीतला, १४ एप्रिल १८९१ चा. वडील सुभेदार रामजी सकपाळ लष्करी शाळेत शिकवत. जयंतीच्या फलकांवर ‘शिका, संघटित व्हा, संघर्ष करा’ हे शब्द आपण सगळ्यांनीच वाचलेत. पण मूळ इंग्रजीतली तीन क्रियापदं वेगळ्या क्रमाने येतात : ‘एज्युकेट, अ‍ॅजिटेट, ऑर्गनाइझ’. १९२४ साली मुंबईत स्थापन झालेल्या बहिष्कृत हितकारिणी सभेचं हे ब्रीद. जुलै १९४२ मध्ये नागपूरच्या परिषदेतही बाबासाहेबांनी याच क्रमाने हा सल्ला दिला.

मग ‘अ‍ॅजिटेट’ मध्येच का? आणि त्याचा अर्थ नुसता ‘संघर्ष करा’ एवढाच का?

या शब्दाचं मूळ लॅटिन. अर्थ, सतत हलवत राहणे. काही वॉशिंग मशीनमध्ये मधोमध कपडे घुसळणारा दांडा असतो, त्याला ‘अ‍ॅजिटेटर’ म्हणतात. ऑफिसात कुणी ‘डोन्ट गेट अ‍ॅजिटेटेड’ म्हणालं, की त्याला म्हणायचं असतं, ‘अस्वस्थ होऊ नका’. मोर्चा, निदर्शनं हा अर्थ बातम्यांत भेटतो. म्हणजे आधी पदार्थ हलतो, मग मन, मग समाज.

गंमत म्हणजे आपल्या ‘आंदोलन’ शब्दाचाही प्रवास असाच. त्याचा मूळ अर्थ झोका, हेलकावा. दरबारी कानड्यातला गंधार आंदोलित असतो, तो याच अर्थाने. मला मात्र ‘अ‍ॅजिटेट’साठी ‘ढवळणे’ जवळचं वाटतं. वरण ढवळतात, तसं मनही ढवळून निघतं. काही अभ्यासक ‘चेतवा’ म्हणतात, तेही चपखल आहे.

असा अर्थ घेतला की क्रम उलगडतो. शिकल्यावर आधी मन ढवळून निघायला हवं, ‘हे असंच का?’ असा प्रश्न पडायला हवा. असे प्रश्न पडलेली माणसं एकत्र आली, तरच त्या संघटनेला अर्थ. दही घुसळल्याशिवाय लोणी वर येत नाही.

आपल्या स्थिरस्थावर घरांत पहिलं क्रियापद जोरात चालतं : क्लास, डिग्री, पॅकेज. तिसऱ्यासाठी मंडळं आहेत, व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप आहेत. मधलं मात्र आपण हळूच गाळतो. जेवताना मुलीने विचारलं, ‘कामवाल्या मावशींचा कप वेगळा का?’ तर आपण म्हणतो, ‘गप जेव.’

त्या प्रश्नाला उत्तर द्यायचं ठरवलं, तर मधलं क्रियापद आपल्या घरात सुरू झालं म्हणायचं.