घरच्या समारंभाचा कॅमेरा

आपल्या इंदुरातील जुन्या घरांच्या दिवाणखान्यांत पूर्वजांच्या तसबिरी असतात. त्यांत हसणारा चेहरा सहसा सापडत नाही. मंडळी रागीट होती असे नव्हे. काचेवर चित्र उमटावयास त्या काळी बराच अवधी लागे, आणि तेवढा वेळ हसू धरून ठेवणे कोणासही कठीणच! येथल्या बांधकाम खात्यात नोकरीस असलेल्या लाला दीनदयाळ यांनी १८७४ च्या सुमारास कॅमेरा हाती घेतला. दुसऱ्या तुकोजीरावांनी त्यांस उत्तेजन दिले आणि पुढे निजामाने ‘राजा’ ही पदवी दिली. त्यांना उजेडाची वाट पाहावी लागे. दीडशे वर्षे लोटली तरी घरात छायाचित्र घेणाऱ्यापुढचा प्रश्न उजेडाचाच आहे. मला मात्र हे फार उशिरा उमगले.

२०१९ साली आमच्या थोरल्या काकूंचे सहस्रचंद्रदर्शन होते. त्यासाठी मी मुद्दाम खिशात मावणारा कॅमेरा घेतला. दुकानात डब्यावरचा ‘३० पट झूम’ हा आकडा पाहिला आणि भाळलो. समारंभाच्या दिवशी औक्षणासाठी माजघरातले दिवे मालवले, निरांजने लागली. मी सुनांच्या मधे कशाला, म्हणून समोरच्या भिंतीला टेकून उभा राहिलो आणि झूम लांबवून काकूंचा चेहरा जवळ आणला. चाळीस छायाचित्रे घेतली. चाळीसही अशी, की ज्योतींच्या जागी पिवळ्या रेघा आणि चेहऱ्याच्या जागी धुके. २०२१ साली काकू गेल्या.

चूक कोठे झाली, ते सांगतो. भिंगाच्या छिद्राचे माप ‘एफ’ने सांगतात, आणि एफपुढचा आकडा जितका लहान तितके छिद्र मोठे. माझ्या कॅमेऱ्याचा झूम पूर्ण लांबवला की छिद्र आकसून एफ ६.४ होई. एफ १.८ च्या छिद्रातून त्याच्या बारा पटींहून अधिक प्रकाश आत येतो. प्रकाश कमी पडला की कॅमेरा शटर जास्त वेळ उघडे ठेवतो, आणि तेवढ्यात माणूस हलतोच. दुसरे कारण सेन्सरचे. भरमसाट झूमच्या लहान कॅमेऱ्यांत तो बहुधा सुमारे ६.२ बाय ४.६ मिलिमीटरचा असतो. ‘एक इंची’ म्हणवणारा सेन्सर १३.२ बाय ८.८ मिलिमीटरचा, म्हणजे क्षेत्रफळाने चौपट. (त्यात इंच कोठेच नाही, ही एक मौजच!)

तेव्हा घरच्या बारशा-मुंजींसाठी कॅमेरा घेताना झूमच्या आकड्याकडे प्रथम पाहू नये. तीन-चार पट झूम पुष्कळ झाला. २४ मिलिमीटरपासून सुरू होणारे भिंग हवे; आपल्या खोल्यांत मागे सरकायला जागा नसते. मात्र अगदी कडेला कोणास उभे करू नये, चेहरा ताणलेला येतो आणि पाहुणे रुसतात. २०१९ सालच्या कॅनन जी७ एक्स मार्क तीनमध्ये एक इंची सेन्सर असून भिंग २४ ते १०० मिलिमीटरचे, एफ १.८ ते २.८ आहे. त्याच वर्षीच्या सोनी आरएक्स१०० मार्क सातचे भिंग २०० मिलिमीटरपर्यंत पोहोचते, पण त्याची सुरुवातच एफ २.८ पासून. शाळेच्या संमेलनात मागच्या रांगेत बसणाऱ्याने हा घ्यावा, माजघरासाठी पहिला. मोबाइलमुळे या वर्गात नवी मॉडेले मोजकीच निघतात, म्हणून नाव पाठ करण्यापेक्षा हे आकडे वाचावयास शिकलेले बरे.

हात स्थिर ठेवणारी यंत्रणा दुकानदार मोठ्या कौतुकाने दाखवतो. ती आपल्या हाताचा कंप सावरते, रांगणाऱ्या नातवाला थांबवीत नाही. त्याच्यासाठी शटर निदान १/१२५ सेकंदाचे ठेवावे आणि आयएसओ १६००, प्रसंगी ३२०० पर्यंत चढू द्यावे. थोडे दाणे दिसतील, पण चेहरा ओळखू येईल. फ्लॅश मात्र औक्षणाच्या वेळी बंदच ठेवावा. निरांजनाचा सोनेरी उजेड तो क्षणात पुसून टाकतो. कॅमेरा पारखायचा तर दुकानाच्या झगझगीत काउंटरवर नव्हे. कोणा आप्ताचा मागून आणावा आणि दिवेलागणीनंतर आपल्याच स्वयंपाकघरात घरच्यांवर चालवून पाहावा.

त्या दिवशी माझा भाचाही आला होता. त्याच्या कॅमेऱ्याला झूम जेमतेम तीन पट. त्या वेळी मी मनात हसलो होतो. तो सरळ काकूंच्या पाटाजवळ जाऊन बसला आणि हातभर अंतरावरून त्याने एकच छायाचित्र घेतले. त्यात काकू कोणाला तरी काही सांगता सांगता हसल्या आहेत. तीच तसबीर आता आमच्या दिवाणखान्यात आहे. तिच्या एका कोपऱ्यात, दूर भिंतीला टेकून, डोळ्याला कॅमेरा लावलेला मी अंधुकसा दिसतो.