विश्लेषण : पाच लाखांचा विमा असूनही शस्त्रक्रियेचे हजारो रुपये खिशातून का जातात?

शस्त्रक्रियेचा खर्च विम्याच्या रकमेपेक्षा बराच कमी असतो. हप्ता वेळेवर भरलेला असतो आणि रुग्णालय कॅशलेसच्या यादीतही असते. तरीही डिस्चार्जच्या दिवशी रुग्णाच्या नातेवाइकांना ५०-६० हजार रुपये भरायला सांगितले जाते. अनेकदा त्याचे कारण पॉलिसीतील एका ओळीत दडलेले असते. ती ओळ म्हणजे खोलीभाड्याची मर्यादा.

खोलीभाड्याची मर्यादा म्हणजे काय?

रुग्णालयातील खोलीसाठी दिवसाला किती रक्कम द्यायची, याची कमाल मर्यादा अनेक पॉलिसींमध्ये ठरलेली असते. जुन्या पॉलिसींमध्ये ती बहुधा विमा रकमेच्या एक टक्का असते. म्हणजे पाच लाखांच्या विम्यावर दिवसाला पाच हजार रुपये. सर्व आरोग्य विमा कंपन्यांसाठी २०२०मध्ये ठरवून दिलेल्या ‘आरोग्य संजीवनी’ या प्रमाणित पॉलिसीत ही मर्यादा विमा रकमेच्या दोन टक्के, पण जास्तीत जास्त पाच हजार रुपये आहे. काही पॉलिसींमध्ये आकड्याऐवजी ‘सिंगल प्रायव्हेट एसी रूम’ असा खोलीचा प्रकार लिहिलेला असतो, तर काहींमध्ये मर्यादाच नसते.

महाग खोली घेतली तर फक्त फरकच भरावा लागतो का?

नाही आणि गैरसमज नेमका इथेच होतो. बहुतेक रुग्णालयांत खोलीच्या वर्गानुसार सर्जनची फी, भूलतज्ज्ञांची फी आणि ऑपरेशन थिएटरचे शुल्कही बदलते. जनरल वॉर्डात एक दर, डीलक्स खोलीत दुसरा. त्यामुळे मर्यादेपेक्षा महाग खोली घेतल्यास विमा कंपनी याही रकमा त्याच प्रमाणात कमी करते. याला ‘प्रपोर्शनेट डिडक्शन’ किंवा प्रमाणशीर कपात म्हणतात.

ही कपात नेमकी कशी होते?

एक काल्पनिक उदाहरण पाहू. पित्ताशयाच्या शस्त्रक्रियेसाठी रुग्ण चार दिवस दाखल आहे. पॉलिसीची मर्यादा दिवसाला ५,००० रुपये, पण घेतलेली खोली ८,००० रुपयांची. एकूण बिल १ लाख ८० हजार रुपये. त्यात खोलीभाडे ३२ हजार, सर्जन, भूलतज्ज्ञ व थिएटर मिळून १ लाख, औषधे २८ हजार, तपासण्या १२ हजार आणि हातमोजे, मास्क यांसारख्या वस्तू ८ हजार.

पाच हजार हे आठ हजारांच्या ६२.५ टक्के. म्हणून खोलीभाड्यापोटी २० हजार आणि सर्जन-थिएटरच्या एक लाखापैकी ६२,५०० रुपयेच मंजूर होतात. औषधे व तपासण्यांचे ४० हजार पूर्ण मिळतात. हातमोजे-मास्कचे काहीच मिळत नाही. कंपनी देते १,२२,५०० रुपये आणि कुटुंबाच्या वाट्याला येतात ५७,५०० रुपये. खोलीभाड्यातील फरक फक्त १२ हजारांचा होता. त्या खोलीमुळे सर्जन-थिएटरच्या बिलातून आणखी ३७,५०० रुपये कापले गेले.

कोणत्या खर्चावर अशी कपात करता येत नाही?

विमा नियामक ‘आयआरडीएआय’ने २०२०मध्ये याबाबत स्पष्ट नियम केले. औषधे व वापरून टाकायच्या वैद्यकीय वस्तू, शरीरात बसवायची उपकरणे आणि निदान तपासण्या यांवर प्रमाणशीर कपात करता येत नाही. अतिदक्षता विभागाच्या शुल्कालाही ती लागू होत नाही. मात्र, त्या विभागाची स्वतंत्र दैनंदिन मर्यादा पॉलिसीत असू शकते. जे रुग्णालय खोलीनुसार दर बदलत नाही, तिथेही ही कपात करता येत नाही. त्यामुळे गुडघ्याचा सांधा किंवा स्टेंटच्या किमतीवर प्रमाणशीर कपात लावलेली दिसली, तर लेखी खुलासा मागायला हवा.

आणखी कोणत्या रकमा कापल्या जातात?

पहिली, को-पे. ‘आरोग्य संजीवनी’त प्रत्येक मंजूर दाव्याच्या पाच टक्के रक्कम विमाधारकाने भरायची असते. ज्येष्ठांच्या अनेक पॉलिसींमध्ये हे प्रमाण जास्त असते. दुसरी, ठरावीक शस्त्रक्रियांची उपमर्यादा. याच पॉलिसीत मोतीबिंदूसाठी एका डोळ्यामागे विमा रकमेच्या २५ टक्के किंवा ४० हजार रुपये, यांपैकी कमी असेल तेवढीच रक्कम मिळते. तिसरी, हातमोजे, मास्क यांसारख्या न मिळणाऱ्या वस्तू. जादा हप्ता भरून या वस्तूंसाठी ‘कन्झ्युमेबल्स’चे पूरक संरक्षण काही कंपन्यांकडे घेता येते.

प्रतीक्षा कालावधीही तपासायला हवा. हर्निया, मोतीबिंदू, सांधेबदल अशा शस्त्रक्रियांसाठी, तसेच आधीपासून असलेल्या आजारांसाठी कंपनी जास्तीत जास्त तीन वर्षांचा प्रतीक्षा कालावधी ठेवू शकते. अपघातामुळे शस्त्रक्रिया करावी लागल्यास हर्निया, सांधेबदल अशा यादीतील शस्त्रक्रियांचा प्रतीक्षा कालावधी लागू होत नाही.

दाखल होण्यापूर्वी काय विचारावे?

शस्त्रक्रिया आधी ठरलेली असेल, तर पॉलिसीचे ‘कस्टमर इन्फर्मेशन शीट’ काढून खोलीभाडे, को-पे आणि उपमर्यादा या तीन नोंदी पाहाव्यात. मग रुग्णालयाच्या विमा कक्षात, म्हणजे टीपीए डेस्कवर तीन प्रश्न विचारावेत. आमच्या मर्यादेत बसणारी खोली कोणती? त्या खोलीत या शस्त्रक्रियेचा अंदाजे खर्च किती? त्यातील कोणत्या रकमा विम्यातून मिळणार नाहीत? अंदाजपत्रक लेखी घ्यावे. हवी ती खोली रिकामी नसल्याने महाग खोलीत जावे लागत असेल, तर तसे रुग्णालयाकडून लिहून घ्यावे. कपात त्याने आपोआप टळत नाही, पण दर कमी करून मागताना तो कागद उपयोगी पडतो.

महाराष्ट्रात जानेवारी २०२१च्या सुधारित नियमांनुसार खासगी रुग्णालयांनी रुग्ण हक्कांची सनद आणि प्रमुख सेवांचे दरपत्रक दर्शनी भागात लावणे बंधनकारक आहे.

शस्त्रक्रियेपूर्वीच्या तपासण्यांची बिलेही जपून ठेवावीत. ‘आरोग्य संजीवनी’त दाखल होण्यापूर्वीच्या ३० दिवसांचा आणि घरी परतल्यानंतरच्या ६० दिवसांचा संबंधित खर्च मागता येतो.

मंजुरीसाठी किती वेळ थांबायचे?

आयआरडीएआयच्या मे २०२४च्या परिपत्रकानुसार कॅशलेस विनंतीवर एका तासात निर्णय द्यायचा आहे. रुग्णालयाने डिस्चार्जची विनंती पाठवल्यापासून तीन तासांत अंतिम मंजुरी अपेक्षित आहे. त्याहून उशीर झाल्याने रुग्णालयाने जादा शुल्क लावले, तर ते विमा कंपनीने सोसायचे असते.

दावा कापला किंवा नाकारला तर?

कंपनीने पॉलिसीतील नेमक्या अटीचा उल्लेख करून कारण द्यायला हवे. दावा नाकारण्यापूर्वी कंपनीच्या दावा समीक्षा समितीची किंवा उत्पादन व्यवस्थापन समितीची मंजुरी लागते. आधी कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे लेखी तक्रार करावी. ‘बिमा भरोसा’ पोर्टलवर किंवा १५५२५५ या क्रमांकावरही तक्रार नोंदवता येते.

तीस दिवसांत उत्तर आले नाही किंवा ते पटले नाही, तर विमा लोकपालाकडे जाता येते. लोकपालांची कार्यालये मुंबई आणि पुण्यातही आहेत. कंपनीचे अंतिम उत्तर आल्यापासून वर्षभरात तक्रार करावी लागते. शुल्क नाही, वकील लागत नाही आणि ५० लाख रुपयांपर्यंतच्या तक्रारी तिथे ऐकल्या जातात. लोकपालाचा निवाडा कंपनीवर बंधनकारक असतो. विमाधारकाला तो मान्य नसेल, तर ग्राहक आयोगाचा मार्ग मोकळा राहतो.