कान गेले, पण कागदावर नाही

वसई पूर्वेच्या वालीव, सातिवली, गोखिवरे या पट्ट्यात एकदा फिरून या. गाळ्याला गाळा लागून. कुठे पॉवरप्रेसचा दणका, कुठे ग्राइंडरची किंकाळी, कुठे कॉम्प्रेसरची घरघर. या आवाजात पंधरा-वीस वर्षे उभा राहिलेला कामगार घरी येऊन टीव्ही मोठा लावतो, दोनदा हाक मारल्याशिवाय वळत नाही. बायको म्हणते, ‘यांचं लक्षच नसतं.’ शेठ म्हणतो, ‘बहिरा आहेस का?’ होय शेठ, आहे. तुमच्याच गाळ्यात झाला.

आवाजाने जाणारा कान एका दिवसात जात नाही. आतल्या कानातील केसाएवढ्या नाजूक पेशी मरत जातात आणि त्या पुन्हा उगवत नाहीत. आधी ४००० हर्ट्झच्या आसपासचे उंच, बारीक आवाज जातात. ‘स’, ‘श’, ‘फ’ यांसारखी व्यंजने उंच आवाजांतच येतात. म्हणून असा माणूस म्हणतो, ‘ऐकू येतं, पण कळत नाही.’ समोरचा ओरडला तरी व्यंजन हरवलेलेच राहते.

आता सरकारी कागद पाहू. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याच्या व्याख्येत दोन्ही कानांत ६० डेसिबलचा ऱ्हास झाला तरच माणूस ‘ऐकू कमी येणारा’ ठरतो आणि ७० ला ‘कर्णबधिर’. जागतिक आरोग्य संघटना मात्र चांगल्या कानात ३५ डेसिबलहून अधिक ऱ्हास असला की त्याला अपंगत्व आणणारा ऱ्हास मानते. ३५ आणि ६० च्या मधल्या या खड्ड्यात आपला प्रेसवाला पडलेला आहे. त्याचे खालचे स्वर शाबूत असतात, म्हणून सरासरी काढली की आकडा साठला पोहोचत नाही. मग प्रमाणपत्र नाही, कार्ड नाही, एडिप योजनेतले सवलतीचे श्रवणयंत्र नाही, सरकारी नोकरीतील राखीव एक टक्क्यावर हक्क नाही. ही सरासरी कोणाच्या सोयीची आहे, हे विचारायला नको का?

बाजारातून घ्यावे तर यंत्राची किंमत काही हजारांपासून लाखांवर जाते. पूर्वी खिशातली डबी आणि कानाला वायर असे यंत्र असायचे. ते सगळाच आवाज सारखा वाढवायचे, बोलणेही आणि खडखडाटही. कंटाळून लोक ते कपाटात टाकत. आजचे डिजिटल यंत्र आवाजाचे पट्टे वेगळे करते, जो पट्टा गेला तेवढाच उचलते, समोरच्या माणसाकडे माइक वळवते. पण हे तेव्हाच, जेव्हा कानाचा आलेख काढून, कानाचा साचा घेऊन, तज्ज्ञाने ते बसवलेले असते. कुरिअरने येणारे ‘कानाचे मशीन’ हे नुसते भोंगे आहे, त्यावर घामाचा पैसा घालवू नका. चांगले यंत्र लावले तरी मेंदूला नव्या आवाजाची सवय व्हायला काही आठवडे लागतात. आपल्या किनाऱ्याच्या दमट हवेत ते रात्री सिलिका जेलच्या डबीत ठेवावे लागते, बॅटरीचा खर्च वेगळा. आणि मशीनजवळ ते लावून उभे राहायचे नाही. तिथे इअरमफ हवेत, ते शेठने द्यायचे.

बाबासाहेब मजूरमंत्री असताना, १९४६ च्या दुरुस्तीने कारखान्यातील कामाचा आठवडा ५४ तासांवरून ४८ वर आला. कानाशीही या तासांचा थेट संबंध आहे. कारखाने कायद्याखालच्या नियमांत ९० डेसिबलला आठ तास, तर ९५ ला चारच तास अशी मर्यादा घातलेली होती. मग ओव्हरटाइम धरून बारा तास राबणाऱ्याच्या कानाचा हिशेब कोण ठेवतो? आवाजाने येणारे बहिरेपण १९४८ च्या कायद्यात कळवण्यायोग्य आजारांच्या यादीत होते, नोव्हेंबर २०२५ मध्ये लागू झालेल्या श्रम संहितेतही आहे. परंतु विजेवर चालणारा कारखाना ठरायला मूळ कायद्यात १० कामगार पुरत, संहितेत २० लागतात. आठ-दहा जणांचा गाळा यादीबाहेरच!

एक कटू गोष्ट आपल्या घरातलीही. जयंतीच्या मिरवणुकीत डीजेच्या भिंतीपुढे आपण लहान लेकरांना खांद्यावर घेऊन नाचतो. त्या कानांचे काय, हे मंडळांनी ठरवावे.

वांद्रे रेक्लमेशनला १९८३ पासून अली यावर जंग राष्ट्रीय संस्था आहे. तपासणी, साचा, यंत्र बसवणे, सगळे तिथे होते. पण विरारच्या रोजंदारीवाल्याला प्रत्येक खेपेला एक दिवसाची मजुरी बुडवावी लागते, त्यात फलाट बदलल्याची घोषणा त्याला ऐकू येत नाही, गाडी सुटते. महापालिकेने कान तपासणीची गाडी साप्ताहिक सुट्टीला वालीव नाक्यावर उभी करावी, आणि कामाला लागताना प्रत्येकाच्या कानाचा आलेख काढून त्याची एक प्रत कामगाराच्या हातात द्यावी, ही मागणी युनियनने पुढच्या निवेदनात घालायला हवी.