संथ गाण्यावरची घाईची मतं

श्रोतेहो, आज मी अशा एका रेकॉर्डबद्दल बोलणार आहे, जी आपल्यापैकी फारच थोड्यांनी ऐकली असेल. ज्यांच्या कानावर ती पडेल त्यांतले बरेच जण चार मिनिटांत ती बंद करतील. मीही तेच केलं होतं.

ईदला मुलगा पुण्याहून घरी आला होता. दुपारी जेवणं झाल्यावर त्याच्या खोलीतून असा आवाज येऊ लागला, की शेजारी बोअरिंगचं काम निघालंय की काय असं वाटलं. आत जाऊन मी म्हणालो, ''अरे, याची बॅटरी उतरलीय का? किती रेंगाळतंय हे!'' त्याने आवाज कमी केला आणि हसून म्हणाला, ''अब्बा, तुम्ही गाणं ऐकलंच नाहीत. फक्त त्याचा वेग ऐकलात.''

मुलं बोलून जातात आणि आपण विचार करत बसतो. माझा जन्म कवितेत गेला, म्हणजे एका अर्थाने लयीतच गेला. त्यामुळे ते वाक्य मला चांगलंच लागलं. तो ऐकत होता ते 'ब्लॅक फ्लॅग' या अमेरिकी वाद्यवृंदाची 'माय वॉर' ही १९८४ सालची रेकॉर्ड. त्यानंतर मी तिच्याविषयी मिळेल ते वाचलं आणि ती पुन्हा पुन्हा ऐकली. रेकॉर्डपेक्षाही तिच्यावरच्या लोकांच्या मतांची गोष्ट मला मोठी वाटली. तीच आज सांगतो.

ब्लॅक फ्लॅग हा कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावरच्या हर्मोसा बीच या गावचा. ग्रेग गिन या गिटारवादकाने तो १९७६ साली सुरू केला. त्यांचं संगीत पंक म्हणून ओळखलं जातं, आणि पंकमधलाही हा भलताच जहाल प्रकार. गाणी छोटी, वेग भन्नाट, आवाज कर्कश. १९८१ साली त्यांची 'डॅमेज्ड' ही रेकॉर्ड निघाली. पस्तीसेक मिनिटांत पंधरा गाणी! म्हणजे सरासरी काढली तर गाण्याला सव्वादोन-अडीच मिनिटं. तरुणांनी ती डोक्यावर घेतली. ब्लॅक फ्लॅग म्हणजे वेग, हे समीकरणच होऊन बसलं.

पुढे वितरण करणाऱ्या कंपनीशी कोर्टकज्जा झाला. स्वतःच्या नावाने नवी रेकॉर्ड काढायलाच त्यांना मनाई झाली. त्या प्रकरणात गिन आणि त्याच्या एका सहकाऱ्याला १९८३ साली काही दिवस तुरुंगातही काढावे लागले. शेवटी ती कंपनीच दिवाळ्यात गेली आणि वाट मोकळी झाली. मात्र या काळात ही मंडळी गप्प बसलेली नव्हती. ती रोज तासन्‌तास तालीम करत होती आणि बदलत होती. बिल स्टीव्हन्सन हा त्यांचा ड्रमवादक वेगासाठी नावाजलेला. त्याला गिन मुद्दाम संथ लयीत वाजवायला लावी. दुसरीकडे ऐकणारे मात्र जुन्या रेकॉर्डपाशीच थांबले होते. ते दुसऱ्या 'डॅमेज्ड'ची वाट पाहत होते.

१९८४ च्या मार्चमध्ये 'माय वॉर' आली. पहिल्या बाजूला सहा गाणी. त्यांत थोडंफार जुनं वळण होतं. रेकॉर्ड उलटून दुसरी बाजू लावली की मात्र फक्त तीन गाणी, आणि प्रत्येक गाणं सहा मिनिटांच्या वर. गिटारचा एकेक जड आघात, मग प्रतीक्षा, मग पुन्हा तोच आघात. त्यावर हेन्री रोलिन्स हा गायक आतून पिळवटून निघाल्यासारखा ओरडतो. चिखलातून पाय उपसत कुणी चालावं, तशी ही बाजू चालते.

चाहते भडकले. 'मॅक्सिमम रॉकअँडरोल' हे तेव्हा पंक श्रोत्यांचं महत्त्वाचं मासिक होतं. त्याच्या परीक्षकाने रेकॉर्डची खरडपट्टी काढली. दुसऱ्या बाजूची तीन गाणी तर त्याला सहनच झाली नव्हती. कार्यक्रमांतही कुरबुर सुरू झाली. वादकांनी केस वाढवले होते, तेही अनेकांना खटकलं. कारण लांब केस म्हणजे हेवी मेटलवाले आणि आखूड केस म्हणजे पंकवाले, अशी तेव्हा वाटणी होती. म्हणजे पाहा, कुठल्याच नियमाला न जुमानणाऱ्या संगीताच्या चाहत्यांनीही आपले नियम करून ठेवले होते!

याच रेकॉर्डबद्दलचं दुसरं मत पिकत होतं ते दूर, वॉशिंग्टन राज्यातल्या लाकूडतोडीच्या गावांत. तिथल्या माँटेसानो या लहानशा गावातल्या मुलांनी 'मेल्विन्स' नावाचा वाद्यवृंद काढला होता. सुरुवातीला तीही भरधाव वाजवत. 'माय वॉर'ची दुसरी बाजू ऐकली आणि त्यांनी वेग सोडला. १९८७ साली त्यांचा 'ग्लूई पोर्च ट्रीटमेंट्स' हा पहिला पूर्ण अल्बम आला. तो इतका जड आणि संथ होता, की आज जाणकार या नव्या प्रकाराच्या सुरुवातीच्या अल्बममध्ये त्याची गणना करतात. त्यांच्याच भागातला, त्यांना गुरुस्थानी मानणारा एक मुलगा पुढे जगप्रसिद्ध झाला. तो म्हणजे 'निर्वाणा'चा कर्ट कोबेन. स्वतःच्या आवडत्या पन्नास अल्बमची एक यादी त्याने वहीत लिहून ठेवली होती, तीत 'माय वॉर' आहे. तिकडे दक्षिणेत न्यू ऑर्लिन्स शहरात १९८८ साली 'आयहेटगॉड' हा वाद्यवृंद उभा राहिला, त्याच्या पाठोपाठ 'क्रोबार'. नशेचं व्यसन, गरिबी, खचलेलं मन हे त्यांच्या गाण्यांचे विषय. नव्वदच्या दशकात या प्रकाराला 'स्लज मेटल' हे नाव रुळलं. स्लज म्हणजे गाळ. गटाराच्या तळाशी बसतो तो गाळ!

आता हे संगीत घडतं कसं, तेही थोडं पाहू. त्याचं मूळ इंग्लंडमधल्या बर्मिंगहॅम या कारखान्यांच्या शहरात सापडतं. टोनी आयोमी हा तिथला एक तरुण कामगार. पत्र्याच्या कारखान्यात यंत्राखाली सापडून त्याच्या उजव्या हाताच्या दोन बोटांची टोकं गेली. तो डावखुरा वादक, म्हणजे गिटारच्या तारा दाबण्याचा हात नेमका तोच. त्याने प्लॅस्टिकची बाटली वितळवून बोटांना टोप्या केल्या आणि पातळ तारा वापरून तो वाजवतच राहिला. १९७१ च्या सुमारास तो तारा नेहमीपेक्षा बऱ्याच खाली उतरवू लागला. तार सैल झाली की बोटांना दाबायला सोपं जातं आणि स्वरही खर्जात जातो. आयोमीच्या 'ब्लॅक सबाथ'ची पहिली रेकॉर्ड १९७० च्या फेब्रुवारीत आली, तेव्हा 'रोलिंग स्टोन' या मासिकातल्या परीक्षणाने तिला झोडपलं होतं. इंग्लंडमधल्या लोकांनी मात्र ती विकत घेऊन पहिल्या दहांत नेऊन बसवली. मतांची ही भानगड तेव्हापासूनची आहे.

स्लजवाल्यांनी सबाथचा हा खर्ज घेतला आणि त्याला पंकचा खरखरीत राग जोडला. तारा सैल सोडायच्या आणि अँप्लिफायर त्याच्या ताकदीबाहेर ताणायचा, की आवाज फाटतो. असा फाटलेला आवाज लगेच विझत नाही, तो लांबत जातो. मूळ स्वराच्या अंगावर इतर बारीक स्वर उमटत राहतात. दोन आघातांमधली जागा त्या घरघरीने भरून जाते. जलद गाण्यात हे ऐकायला सवडच नसते. पुढचा आघात लगेच येतो आणि मागचा पुसून टाकतो. लय उतरवली की त्या एकाच आघाताचं उमटणं, फुगणं आणि विझणं कान पूर्ण ऐकू शकतो. म्हणजे इथे गाण्याचा मजकूर आघातात जेवढा असतो तेवढाच नंतरच्या घरघरीतही असतो.

या संगीताबद्दलची लोकांची मतं मी वाचली, मुलाच्या मित्रांकडूनही ऐकली. ढोबळमानाने ती तीन प्रकारची निघतात. पहिलं मत : ''यात काही घडतच नाही.'' दुसरं : ''हे ऐकताना त्रास होतो.'' तिसरं : ''हे कानांनी ऐकायचं नसतंच, छातीत जाणवतं.'' मला विचाराल तर तिन्ही मतं खरी आहेत. फक्त पहिला श्रोता पुढच्या सुरावटीची वाट पाहतोय आणि तिसरा आहे त्या स्वरात उतरलाय. दुसऱ्याची गोष्ट निराळी आहे. त्रास होतो हे त्याचं म्हणणं बरोबरच आहे, कारण त्रासाबद्दलच ते गाणं आहे. नैराश्यात सापडलेल्या माणसाला दिवस कसा जातो? घड्याळाचा काटा हलत नाही. हे सांगायला अडीच मिनिटांचं चपळ गाणं पुरेल का?

आपल्याकडे ही अडचण नवी नाही. आमच्या भागात, मिरजेला, उस्ताद अब्दुल करीम खाँसाहेबांच्या स्मरणार्थ दर्ग्याच्या उरसात गाणं होतं. तरुणपणी मी तिथे रात्र रात्र बसलोय. बडा ख्याल रंगात आलेला असताना शेजारी बसलेले एक गृहस्थ कुजबुजले होते, ''हे पुढे कधी सरकणार?'' आणि त्यांच्या पलीकडचे म्हातारबुवा डोळे मिटून झुलत होते. इंदूरचे उस्ताद अमीर खाँ अतिविलंबित झुमऱ्यात गात. चौदा मात्रांचं एक आवर्तन पुरं व्हायला जवळपास मिनिट लागे. ज्याला समेची घाई, त्याला ते मिनिट फार मोठं. अर्थात, ख्याल आणि स्लज ही एकच गोष्ट आहे असं मला म्हणायचं नाही. एकात शांतता शोधायची असते, दुसऱ्यात अस्वस्थता मांडायची असते. सारखी आहे ती ऐकणाऱ्याची कसोटी.

मात्र संथ ते सगळं खोल, असंही नाही. 'माय वॉर'मुळे किती जणांनी वेग सोडला असेल, पण सगळेच मेल्विन्स झाले नाहीत. काही गाणी संथ असतात, कारण वाजवणाऱ्याकडे सांगण्यासारखं थोडंच असतं. हा फरक ओळखायला उपाय एकच, शेवटपर्यंत ऐकणं. कंटाळा आला हे सांगण्याचा श्रोत्याला पूर्ण हक्क आहे. पण ''मला कंटाळा आला'' आणि ''हे कंटाळवाणं आहे'' ही दोन वेगळी वाक्यं आहेत. पहिल्या वाक्याला चार मिनिटं पुरतात. दुसऱ्यासाठी अख्खी बाजू ऐकावी लागते.

हे मी इतक्या ठासून सांगतोय, त्यामागे एक जुनी गोष्ट आहे. काही वर्षांपूर्वी मी एका काव्यस्पर्धेचा परीक्षक होतो. कवितांचा गठ्ठा मोठा आणि हाताशी दोनच दिवस. त्यांत एका मुलाची बारा पानांची कविता होती. आजारी वडिलांच्या उशाशी काढलेल्या एका रात्रीची. तीन पानं झाली तरी रात्र सरेना. मी समासात 'संथ, पसरट' असा शेरा लिहिला आणि पुढची कविता उचलली. बक्षीस समारंभानंतर तो मुलगा मला भेटायला आला. तक्रार नव्हती त्याची. अगदी अदबीने त्याने विचारलं, ''सर, शेवटपर्यंत वाचली होती ना?''

मी 'हो' म्हणालो. ते खरं नव्हतं.

आज वाटतं, ती रात्र सरत नव्हती हेच तर तो मला सांगत होता. त्याने पुढे काय लिहिलं, लिहिलं की नाही, मला माहीत नाही. 'माय वॉर'चे वादक परीक्षणाने खचणारे नव्हते. त्यांच्या वाट्याला दुसरा श्रोताही आला. त्या मुलाच्या वाट्याला कदाचित मी एकटाच आलो असेन.

मुलगा पुण्याला परत जाण्याच्या आदल्या रात्री मी त्याला म्हणालो, ''लाव ती दुसरी बाजू. पूर्ण ऐकू.'' वीस मिनिटं आम्ही बापलेक न बोलता बसलो. पहिल्या गाण्यात माझं लक्ष घड्याळाकडे होतं. दुसऱ्यात ते आघातांमधल्या घरघरीकडे गेलं. तिसऱ्यात त्या गायकाच्या ओरडण्याने पोटात तुटल्यासारखं झालं, आणि गाणं संपलं तेव्हा खोली फार शांत वाटली. ''आवडलं?'' मुलाने विचारलं. ''नाही,'' मी म्हणालो, ''पण बंद करावंसं वाटलं नाही.'' तो म्हणाला, ''एवढं पुरे आहे, अब्बा.''

तेव्हा श्रोतेहो, विनंती एवढीच. घरातल्या मुलांच्या खोलीतून असला आवाज आला, तर दारातूनच मत देऊन परतू नका. आत जाऊन बसा. ऐकून झाल्यावर खुशाल नावं ठेवा. निदान कुणी विचारलं, 'शेवटपर्यंत ऐकलंत ना?' तर तुमचं 'हो' खरं असेल.