बेवारस झॉम्बींचा वारसा

भयपटांच्या दुनियेतील नामवंत राक्षसांच्या मागे बहुधा कोणी ना कोणी मालक उभा असतो. ब्रॅम स्टोकरच्या 'ड्रॅक्युला'वर परवानगी न घेता बेतलेला 'नोस्फेरातू' हा जर्मन मूकपट १९२२ साली प्रदर्शित झाला, तेव्हा स्टोकरच्या पत्नीने निर्मात्यांना न्यायालयात खेचले आणि चित्रपटाच्या सर्व प्रती नष्ट करण्याचा आदेश मिळवला. काही प्रती वाचल्या, म्हणूनच तो आज पाहायला मिळतो. झॉम्बीच्या वाट्याला मात्र असा मालक आला नाही. मेल्यावर पुन्हा उठणारी, पाय ओढत चालणारी, माणसाचे मांस खाणारी आणि डोक्यावर घाव बसल्याखेरीज न थांबणारी ही प्रेते जगातल्या कोणत्याही दिग्दर्शकाला कोणाचीही परवानगी न घेता पडद्यावर आणता येतात. याच्या मुळाशी एका वितरकाचा निष्काळजीपणा आहे. झॉम्बीपटांच्या अफाट गर्दीतून पाहण्याजोगे कोणते, हे ठरवताना ही हकिगत ठाऊक असलेली बरी.

अमेरिकेतील पिट्सबर्ग शहरात जाहिरातपट आणि उद्योगपट तयार करणाऱ्या काही तरुणांनी १९६७ साली पदरचे पैसे घालून चित्रपट काढायचे ठरवले. दिग्दर्शक जॉर्ज रोमेरो तेव्हा सत्तावीस वर्षांचा होता. सर्व मिळून खर्च आला सुमारे एक लाख चौदा हजार डॉलर. हॉलिवूडच्या हिशेबात ही रक्कम नगण्यच. चित्रीकरण कृष्णधवल, पाडायला निघालेले एक शेतघर हेच मुख्य स्थळ, रक्त म्हणून चॉकलेटचे सिरप आणि प्रेतांच्या भूमिकेत मित्रमंडळी व आसपासचे रहिवासी. रिचर्ड मॅथेसनच्या 'आय अॅम लेजंड' (१९५४) या कादंबरीवरून आपल्याला कल्पना सुचली, हे रोमेरोने पुढे मोकळेपणाने मान्य केले.

चित्रपटाचे नाव आधी 'नाइट ऑफ द फ्लेश ईटर्स' होते. वितरकाने ते बदलून 'नाइट ऑफ द लिव्हिंग डेड' केले. नव्या नावाची पाटी तयार करताना जुन्या पाटीवरची कॉपीराइटची ओळ गळाली, आणि ती कोणाच्या लक्षात आली नाही. अमेरिकेच्या तेव्हाच्या कायद्यानुसार अशी सूचना नसलेली कलाकृती वितरित झाली की तिच्यावरील हक्क संपुष्टात येत असे. १९६८च्या ऑक्टोबरमध्ये प्रदर्शित झालेला हा चित्रपट त्याच क्षणी सार्वजनिक मालमत्ता झाला! पुढे कोणीही त्याच्या प्रती काढल्या, दूरचित्रवाणी वाहिन्यांनी रात्री-अपरात्री तो फुकट दाखवला, व्हिडिओ कॅसेटच्या काळात तर त्याच्या किती आवृत्त्या निघाल्या याला गणती नाही. निर्मात्यांच्या हाती त्यातले फारसे काही लागले नाही. नुसत्या कल्पनेवर कॉपीराइट नसतो हे खरे. पण ती कल्पना घरोघर पोहोचली ती या फुकट प्रतींमुळे. पुढच्या पिढीतील दिग्दर्शकांना झॉम्बींचे नियम कोणी शिकवावे लागले नाहीत. ते त्यांना लहानपणापासून पाठ होते.

एवढ्यावरून हा चित्रपट केवळ योगायोगाने मोठा झाला असे कोणी समजू नये. बाहेर प्रेतांचा वेढा आणि घरात अडकलेली सात माणसे, एवढाच त्याचा पसारा. त्यांपैकी बेन नावाचा तरुण दारे-खिडक्यांना फळ्या ठोकून वरच्या मजल्यावर लढावे असे म्हणतो. हॅरी कूपर नावाचा गृहस्थ तळघराचे दार बंद करून बसावे असा आग्रह धरतो. चित्रपटाचा निम्मा वेळ या भांडणात जातो आणि तोच त्याचा सर्वांत भीतिदायक भाग आहे. भांडणात कोणाचे म्हणणे अखेरीस बरोबर ठरते, याकडे पाहणाऱ्याने अवश्य लक्ष ठेवावे. बेनची भूमिका ड्वेन जोन्स या कृष्णवर्णीय नटाने केली. संहितेत बेनच्या वर्णाचा उल्लेख नव्हता. जोन्सची चाचणी सर्वांत चांगली झाली म्हणून त्याला घेतले, असे रोमेरो सांगत असे. पण मार्टिन ल्यूथर किंग यांची हत्या झाली त्याच वर्षी एक कृष्णवर्णीय नायक गोऱ्या कूपरच्या थोबाडीत मारतो आणि घराचा ताबा घेतो, हे पडद्यावर पाहणाऱ्या अमेरिकी प्रेक्षकाला वेगळे समजावून सांगण्याची गरज नव्हती. समीक्षक रॉजर एबर्ट यांनी शिकागोतील दुपारच्या खेळाचे वर्णन लिहून ठेवले आहे. वयानुसार प्रमाणपत्रे देण्याची पद्धत लागू होण्याआधीच हा चित्रपट निघाला होता. नेहमीचा भुताखेतांचा गमतीचा चित्रपट समजून आलेली लहान मुले शेवटी हुंदके देत खुर्चीत थिजून बसली होती.

गंमत अशी की या चित्रपटात 'झॉम्बी' हा शब्द एकदाही येत नाही. तो शब्द आला हैती या कॅरिबियन देशातून, आणि त्याचा मूळ अर्थ आजच्यापेक्षा अधिक करुण आहे. फ्रेंचांच्या उसाच्या मळ्यांत गुलामांनी मरेपर्यंत राबावे अशी हैतीची रीत होती. मेल्यावर तरी सुटका होईल, ही त्यांची एकमेव आशा. मेलेल्या माणसाला मांत्रिक उठवतो आणि पुन्हा राबवतो, ही तेथील लोकसमजूत म्हणजे त्या आशेवरही आलेले सावट होते. तेथील झॉम्बी कोणाला चावत नाही, खात नाही. तो फक्त काम करतो. १९१५ ते १९३४ या काळात हैती अमेरिकी लष्कराच्या ताब्यात होते. त्या सुमारास विल्यम सीब्रुक या प्रवासी लेखकाच्या १९२९ सालच्या पुस्तकाने हा शब्द अमेरिकेत रूढ केला आणि १९३२ साली बेला लुगोसीला घेऊन 'व्हाइट झॉम्बी' निघाला. चित्रपट आज बराचसा नाटकी वाटेल. पण त्यातला साखर कारखान्याचा प्रसंग विसरता येत नाही. झॉम्बी मजुरांपैकी एक तोल जाऊन यंत्रात पडतो आणि उरलेले त्याच्याकडे न पाहता चरक फिरवत राहतात. ऐकू येते ती फक्त लाकडाची करकर. याच धाटणीचा जाक तूर्नर यांचा 'आय वॉक्ड विथ अ झॉम्बी' (१९४३) मात्र आजही पूर्ण बांधून ठेवतो. जेमतेम सत्तर मिनिटांचा हा चित्रपट उसाच्या फडातून रात्री चाललेल्या दोन स्त्रियांसाठी तरी पाहावाच.

(मराठी वाचकाला 'झोंबी' म्हटले की आनंद यादव आठवतात, हे वेगळे सांगायला नको. त्या झोंबीचा या झॉम्बीशी काही संबंध नाही.)

रोमेरोने दहा वर्षांनी काढलेला 'डॉन ऑफ द डेड' (१९७८) हा प्रस्तुत लेखकाच्या मते या प्रकारातील सर्वांत परिपूर्ण चित्रपट. या वेळी चौघेजण आसरा घेतात ते पिट्सबर्गजवळच्या मनरोव्हिल मॉलमध्ये. चित्रीकरण खऱ्याखुऱ्या मॉलमध्ये, दुकाने बंद झाल्यावर रात्री होत असे. नाताळची सजावट लागली तेव्हा ते थांबवावे लागले. प्रेते मॉलकडेच का येतात, या प्रश्नावर चित्रपटातले एक पात्र सांगते की हे ठिकाण त्यांच्या आयुष्यात महत्त्वाचे होते. सरकत्या जिन्यांवर धडपडणारी ही गर्दी पाहून आधी हसू येते. पुढे जिवंत चौघेही फुकटचे कोट अंगावर चढवू लागतात, बँकेतल्या नोटा उगाचच खिशात भरतात, तेव्हा ते हसू मावळते. शनिवारी संध्याकाळी मॉलमध्ये फेरफटका मारणाऱ्या मुंबई-पुण्याच्या वाचकाला हा चित्रपट परका वाटणार नाही. रंगभूषा आणि रक्ताचे चमत्कार टॉम साविनी यांचे. ते व्हिएतनाममध्ये लष्कराचे छायाचित्रकार होते आणि तेथे पाहिलेले आपल्या कामात उतरल्याचे त्यांनी सांगितले आहे. नाजूक प्रकृतीच्या वाचकांनी याची नोंद घ्यावी.

यानंतर मात्र बेवारस मालावर सर्वांनीच हात मारला. इटलीत 'डॉन ऑफ द डेड' हा 'झॉम्बी' या नावाने लागला होता, म्हणून लुचो फुल्ची यांच्या चित्रपटाला १९७९ साली बिनदिक्कत 'झॉम्बी २' असे नाव देण्यात आले. कथेचा पहिल्याशी काडीचाही संबंध नाही. त्यात पाण्याखाली झॉम्बी आणि शार्क यांची झुंज आहे, एवढे सांगितले की पुरे. प्रेते मेंदू खातात ही समजूतही रोमेरोची नव्हे. ती १९८५च्या 'द रिटर्न ऑफ द लिव्हिंग डेड' या विनोदी भयपटाची देणगी. त्याच वर्षी रोमेरोचा तिसरा चित्रपट 'डे ऑफ द डेड' आला. तो पहिल्या दोघांइतका बांधेसूद नाही, पण त्यातला हळूहळू शिकणारा 'बब' हा झॉम्बी लक्षात राहतो.

प्रेतांना पळायला लावले ते मुख्यतः डॅनी बॉइल यांच्या '२८ डेज लेटर' (२००२) या ब्रिटिश चित्रपटाने. काटेकोरपणे बोलायचे तर यातील माणसे मेलेली नाहीत, त्यांना रोगाची लागण झाली आहे. इस्पितळात शुद्धीवर आलेला नायक ओसाड लंडनमधून एकटा चालत जातो, तो प्रसंग भल्या पहाटे वाहतूक काही मिनिटांपुरती थोपवून चित्रित झाला. साध्या डिजिटल व्हिडिओ कॅमेऱ्यांमुळेच अशा वेगाने काम करणे शक्य झाले, आणि त्यांची खरबरीत प्रतिमा कथेला साजेशीही ठरली. २०२०च्या टाळेबंदीत रिकामे रस्ते पाहताना अनेकांना हाच प्रसंग आठवला असेल. बॉइल यांनीच २०२५ साली '२८ इयर्स लेटर' काढला, तोही बव्हंशी आयफोनवर चित्रित करून. एडगर राइट यांचा 'शॉन ऑफ द डेड' (२००४) हा विडंबनपट. आदल्या रात्रीची नशा न उतरलेला नायक कोपऱ्यावरच्या दुकानात जाऊन येतो आणि भोवताली जग बुडाल्याचे त्याच्या लक्षातच येत नाही. रोजच्या आयुष्यात आणि या प्रलयात त्याला फरकच जाणवत नाही, हा विनोद फार खोल आहे.

अलीकडच्या काळात या प्रकाराला नवा जीव दिला तो आशियाने. कोरियाच्या यॉन सांग-हो यांच्या 'ट्रेन टू बुसान' (२०१६) या चित्रपटाची दक्षिण कोरियात एक कोटीहून अधिक तिकिटे खपली. सोलहून बुसानला निघालेली वेगवान गाडी, तिच्यात शिरलेला रोग, आणि मुलीला आईकडे पोहोचवायला निघालेला एक आत्मकेंद्री गुंतवणूक व्यवस्थापक. डब्यांमधले दार कोणासाठी उघडायचे आणि कोणासाठी लावून घ्यायचे, यावर सारी कथा तोललेली आहे. २०१४ साली 'सेवोल' ही बोट बुडाली, तेव्हा प्रवाशांना जागचे हलू नका असे सांगण्यात आले आणि तीनशेहून अधिक जीव गेले. त्यांत बहुसंख्य शाळकरी मुले होती. या चित्रपटात सरकार दूरचित्रवाणीवरून सारे काही आटोक्यात असल्याचे सांगते, तेव्हा कोरियन प्रेक्षकाला काय आठवले असेल ते उघड आहे. लोकलच्या दारात उभे राहून आत येऊ पाहणाऱ्याला अडवणाऱ्या, किंवा हात देऊन ओढून घेणाऱ्या मुंबईकरालाही त्यातले काहीतरी लागेलच.

जपानचा 'वन कट ऑफ द डेड' (२०१७) याविषयी जितके कमी सांगावे तितके चांगले. सुमारे तीस लाख येनमध्ये, नवख्या नटांना घेऊन शिनइचिरो उएदा यांनी केलेल्या या चित्रपटाने जपानमध्ये तीनशे कोटी येनहून अधिक कमावले. सुरुवातीचे सदतीस मिनिटांचे एकसलग दृश्य काहीसे ओबडधोबड आणि कंटाळवाणेही वाटेल. तेथे उठून जाऊ नये. पोट धरून हसायला लावणारा आणि शेवटी डोळ्यांत पाणी आणणारा दुसरा झॉम्बीपट निदान आमच्या पाहण्यात नाही.

आपल्याकडे झॉम्बी उशिरा आला, हे नवल नव्हे. प्रेतात शिरणारा वेताळ आपल्याला शतकानुशतके परिचित आहे, पण तो बोलका आणि बुद्धिमान. राजाला कोडी घालणारा. आपली भुतेही एकेकटी असतात, त्यांना नाव असते, गाव असते, राहून गेलेली एखादी वासना असते. नाव-गाव नसलेली मुकी झुंड ही कल्पना आपल्या भूतकथांत बसत नव्हती. राज आणि डीके यांच्या 'गो गोवा गॉन' (२०१३) या हिंदी चित्रपटाने ती अडचण विनोदातच वापरून घेतली. गोव्याच्या बेटावरील पार्टीत नव्या अमली पदार्थामुळे झॉम्बी झालेली माणसे पाहून नायकांना प्रश्न पडतो तो हा की भारतात भूत-प्रेत असते, हे कुठून आले? मराठीत आदित्य सरपोतदार यांनी 'झोंबिवली' (२०२२) काढला. अमेय वाघ, ललित प्रभाकर आणि वैदेही परशुरामी यांच्या या चित्रपटात डोंबिवलीचा टोलेजंग टॉवर आणि शेजारची वस्ती समोरासमोर उभी आहे आणि वादाचे मूळ पाणी आहे. उत्तरार्ध विस्कळीत झाला असला तरी रोमेरोच्या शेतघरातले भांडण येथे नेमक्या जागी आणून बसवले आहे, याबद्दल दिग्दर्शकाला दाद द्यायला हवी.

नव्याने पाहू इच्छिणाऱ्यांनी आरंभ १९६८च्या मूळ चित्रपटापासूनच करावा. बेवारस असल्याने इंटरनेटवर तो कायदेशीररीत्या विनामूल्य मिळतो, परंतु अशा बहुतांश प्रती कमालीच्या अंधुक आहेत आणि काही तर रंगवलेल्या आहेत. न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टने २०१६ साली मूळ निगेटिव्हवरून त्याचे पुनरुज्जीवन केले. शक्यतो तीच प्रत शोधावी. रोमेरो तेव्हा हयात होता, पुढच्याच वर्षी जुलैमध्ये तो गेला. आणि एक सूचना. कथा संपून श्रेयनामावली सुरू झाली की आपण सवयीने उठतो, तसे येथे करू नये. नावांच्या मागे वर्तमानपत्रातल्यासारखी काही दाणेदार स्थिरचित्रे एकामागून एक येत राहतात. ती शेवटपर्यंत पाहावीत.