व्हर्नियर कॅलिपर आणि सहावीचं गणित

गोव्यातल्या मोपा विमानतळावरून जानेवारी 2023 पासून विमानं उडू लागली, तसा नोकऱ्यांच्या आशेने पेडणे तालुक्यात ‘दहावीनंतर काय?’ हा प्रश्न घरोघरी अधिकच चर्चेत आला. तालुक्यातल्या चोपडे गावच्या मुलापुढे ठळक वाटा तीन: उच्च माध्यमिक, पेडण्याचं सरकारी आयटीआय किंवा डिचोलीचं सरकारी तंत्रनिकेतन. दहावीचे गुण दार उघडून देतात. आत निभाव कशावर लागतो?

अमेरिकेत हा प्रश्न कम्युनिटी कॉलेजांमध्ये तपासला गेला. कमी फीची, बहुतांशी दोन वर्षांची, जवळच्या मुलांना सामावून घेणारी ही महाविद्यालयं. तिथे प्रवेशावेळी चाचणी व्हायची आणि कच्च्या ठरलेल्यांना आधी पायाभूत वर्गात बसवलं जायचं. जुडिथ स्कॉट-क्लेटन आणि सहकाऱ्यांनी 2014 मध्ये दाखवलं, की या चाचणीमुळे गणितात चारांतला एक आणि इंग्रजीत तिघांतला एक विद्यार्थी साफ चुकीच्या वर्गात जातो. हायस्कूलच्या वर्षांचे गुण धरले, तर अंदाज अधिक बरोबर येतो. त्या गुणांत हजेरी, गृहपाठ, नापास झाल्यावर पुन्हा अभ्यासाला बसण्याची सवय हे सगळं आपोआप मोजलं जातं. तासाभराच्या चाचणीत ते दिसत नाही.

पाया तर त्याही आधी रचला जातो. रॉबर्ट सीग्लर यांच्या गटाने 2012 मध्ये ब्रिटन आणि अमेरिकेतली माहिती तपासली. दहा-बारा वर्षांच्या वयात अपूर्णांक आणि भागाकार किती पक्के आहेत, यावरून पाच-सहा वर्षांनंतरच्या गणिताचा अंदाज बांधता आला. बुद्ध्यांक आणि घरची मिळकत हिशेबात धरूनही हा संबंध टिकला.

आयटीआयच्या फिटरच्या वर्गात हे डोळ्यांना दिसतं. बारीक मापं घ्यायच्या व्हर्नियर कॅलिपरवर मुख्य पट्टी 24 मिलिमीटर दाखवते, सरकपट्टीची अठरावी रेघ जुळते. लघुत्तम माप (एका रेघेची किंमत) 0.02 मिलिमीटर, म्हणून 18 गुणिले 0.02, म्हणजे 0.36, माप 24.36. दशांश कच्चा असलेला मुलगा सरळ 24.18 लिहून मोकळा होतो. फरक 0.18 मिलिमीटरचा. बेअरिंग बसवायच्या दांड्याला शतांश मिलिमीटरचं गणित असतं. तो दांडा भंगारात जातो. निदेशकाला वाटतं, पोराचा हात बसलेला नाही. हात ठीक असतो, राहिलेला असतो सहावीचा धडा.

गोव्यात याला आणखी एक पदर आहे. पेडण्यातली कितीतरी मुलं चौथीपर्यंत मराठीतून शिकतात आणि पाचवीपासून इंग्रजीतून. अपूर्णांक-दशांशांची खरी चढण याच वळणावर लागते. गणित अडलं की भाषा, हे शिक्षकालाही पटकन कळत नाही. एकच उदाहरण दोन्ही भाषांत सोडवायला दिलं, तर उलगडा होतो.

म्हणून दहावीच्या टक्केवारीची वाट न पाहता आठवीतच दशांश, गुणोत्तर आणि एककं तपासून घ्यावीत. आयटीआयनेही पहिले पंधरा दिवस यावर घालवले, तर ते वाया जाणार नाहीत. तिथल्या अभ्यासक्रमात ‘वर्कशॉप कॅल्क्युलेशन’ आहेच. त्याची सुरुवात मूल जिथे अडलंय तिथून व्हायला हवी.