बेत नको, तिथी बघा

जालना जिल्ह्यातल्या घनसावंगीत रात्री जेवणे झाल्यावर चौकात कुणीतरी म्हणते, "चला, समुद्र बघून येऊ," आणि पहाटे गाडी निघते. कापसाची वेचणी उरकलेली असते, ऊस कारखान्याला गेलेला असतो, पोरांना सुट्ट्या असतात. एवढे निमित्त पुरते. ना हॉटेलचे बुकिंग, ना मुक्कामांची यादी.

अशा प्रवासाचा पहिला टप्पा आता बराच सोपा झाला आहे. 5 जून 2025 रोजी समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा शेवटचा तुकडा खुला झाला आणि जालन्याहून थेट भिवंडी तालुक्यापर्यंत ताशी 120 च्या मर्यादेत गाडी हाकता येऊ लागली. शहागडला गोदावरी ओलांडून, अहिल्यानगर-पुणे करत ताम्हिणी घाट उतरणारेही पुष्कळ आहेत. कोणत्याही वाटेने उतरा, किनाऱ्याला लागल्यावर वेगाचा हिशोब बदलतो.

रेवस ते रेडी या सागरी महामार्गाची कल्पना बॅ. अ. र. अंतुले यांच्या काळातली. नाव महामार्ग, पण कित्येक गावांत हा रस्ता सुपारीच्या वाड्या आणि दगडी गडग्यांमधून जेमतेम वाट काढतो. समोरून एसटी आली की कुणाला तरी गाडी मागे घ्यावी लागते, आणि ते काम बहुधा पाहुण्याच्याच वाट्याला येते. नकाशावर वीतभर दिसणारे अंतर अर्धा दिवस खाते. त्यात दर थोड्या अंतरावर खाडी आडवी येते.

आगरदांडा-दिघी, बागमांडला-वेशवी, दाभोळ-धोपावे, तवसाळ-जयगड या ठिकाणी गाडीसकट फेरीबोटीत चढायचे. दाभोळ-धोपावे ही फेरी 2003 मध्ये सुरू झाली. त्याआधी दापोलीकडून गुहागरला गाडी न्यायची तर वाशिष्ठीची खाडी टाळायला चिपळूणपर्यंत आत शिरावे लागे. आता तिकीट काढले, गाडी दाटीवाटीत लावली, हँडब्रेक ओढला की थोड्याच वेळात पलीकडचा धक्का. एक मात्र विचारून ठेवावे : शेवटची फेरी किती वाजता? ती चुकली की वळसा तरी घ्या, नाहीतर अलीकडेच मुक्काम करा.

खरे वेळापत्रक मात्र समुद्राचे. ते पाहायला ॲप हवेच असे नाही, भिंतीवरचे कॅलेंडर पुरते. किनाऱ्यावरच्या जुन्या माणसांचा आडाखा असा : तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ. पंचमीला पावणेचार, अष्टमीला सहा, एकादशीला सव्वाआठ. पौर्णिमा-अमावास्येला बाराच्या सुमारास. वद्य पक्षात पुन्हा प्रतिपदेपासून मोजायचे. दिवसातून दोनदा भरती, आणि प्रत्येक भरतीनंतर साधारण सव्वासहा तासांनी पूर्ण ओहोटी. पृथ्वीची एक गिरकी पूर्ण होईतो चंद्र थोडा पुढे सरकलेला असतो, म्हणून भरती रोज सुमारे पन्नास मिनिटे उशिरा येते. तिथी चंद्रावरच मोजलेली, त्यामुळे हिशोब जुळतो. बंदरागणिक थोडा फरक पडतो, तेव्हा अर्धापाऊण तास हाताशी ठेवावा.

हरिहरेश्वरला हा हिशोब फार कामाचा. तिथली प्रदक्षिणेची वाट डोंगराला वळसा घालून थेट समुद्राकाठच्या खडकांवर उतरते. अष्टमीला दुपारी बाराला तिथे ओहोटी असते. पौर्णिमेला त्याच वेळी ऐन भरती, तीही उधाणाची, आणि लाटा वाटेवरच आपटतात. अलिबागचा कुलाबा किल्लाही ओहोटीलाच चालत गाठता येतो. आत रेंगाळणाऱ्याला परतायला होडी शोधावी लागते.

जालन्याच्या एमएच 21 पाटीच्या गाडीला सर्वांत मोठा मोह पडतो तो ओल्या वाळूचा. ओहोटीला ती डांबरी रस्त्यासारखी टणक दिसते. ओहोळाच्या तोंडाशी तीच वाळू भुसभुशीत असते. चाक रुतले, ॲक्सिलरेटर दाबला की आणखी खाली जाते, आणि भरती थांबत नाही. मग गावातला ट्रॅक्टर शोधण्याची धावपळ. किनाऱ्यावर गाडी घातल्याबद्दल पोलीस गुन्हेही नोंदवतात, आणि ते योग्यच आहे : वेळाससारख्या किनाऱ्यांवर ऑलिव्ह रिडले कासवे याच वाळूत अंडी घालतात.

पोटाचे मात्र थोडे आधी बघावे लागते. "घरगुती जेवणाची सोय" अशी पाटी दिसली तरी तयार ताट असेलच असे नाही. माणसे मोजून भात लागतो, मासळी त्यानंतर येते. फेरीबोटीच्या रांगेतूनच फोन करून "सहा जण आहोत, दोन शाकाहारी" एवढे कळवले की काम होते. उकडीचे मोदक हवे असतील तर आदल्या दिवशीच. 1 जून ते 31 जुलै यांत्रिक नौकांना मासेमारीबंदी असते, तेव्हा ताज्या सुरमईचा हट्ट धरू नये.

परतीला महाडहून वरंध घाट चढणाऱ्यांना पायथ्याशी शिवथरघळ लागते. दासबोध इथे लिहिला गेला अशी परंपरा आहे, आणि तो सांगणारे समर्थ रामदास 1608 साली जन्मले ते जांबचे, म्हणजे घनसावंगी तालुक्यातलेच. त्यांनी बारा वर्षे देशभर पायी भ्रमंती केल्याचे सांगतात. पावसाळ्यात दरडींमुळे वरंध अनेकदा बंद असतो. तेव्हा घळ बघून मागे फिरावे आणि माणगावहून ताम्हिणी धरावा, तोही उजेड असतानाच.